कलकत्त्याचा चिनेपाडा

कोणत्याही मोठ्या शहराचा स्वभाव जाणून घ्यावयाचा असेल तर त्यातील परदेशी लोकांच्या वस्तीत एक सकाळ घालवावी, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. घरच्या माणसांशी सगळेच बरे वागतात. पाहुणा किती दिवस पाहुणा राहतो, तो घरचा केव्हा होतो, आणि घरावर संकट आले म्हणजे प्रथम त्यालाच दाराबाहेर काढतात की काय, ह्यावरून घराची खरी पारख होते. आमच्या पुण्याच्या लष्करात ज्यू लोकांचे लाल देऊळ आहे, मुंबईस इराण्यांची हॉटेले आहेत. पण ह्या बाबतीत कलकत्त्याची बरोबरी करील असे शहर हिंदुस्थानात दुसरे नसावे. हल्ली त्या शहराचे नाव कोलकाता असे लिहितात. वाचकांनी आमच्या जुन्या सवयीस क्षमा करावी.

एका हिवाळ्यात विद्यापीठाच्या कामानिमित्त तेथे आठवडाभर राहण्याचा योग आला आणि मोकळ्या सकाळी आम्ही लालबाजाराच्या मागच्या गल्ल्यांत पायी हिंडण्यात घालविल्या. लालबाजार हे तेथील पोलिसांचे मुख्य ठाणे. त्याच्या पाठीमागे, बहूबाजारापासून चितपूर रस्त्यापर्यंत जो दाट वस्तीचा पट्टा आहे, त्यात अर्ध्या कोसाच्या आत किती देवांची वस्ती आहे हे मोजू लागलो तर बोटे पुरत ना. आर्मेनियन लोकांचे १७२४ सालचे चर्च, पोर्तुगीजांचे मुर्गीहाट्याचे चर्च, बगदादी यहुद्यांची सिनेगॉगे (त्यांतले माघेन डेव्हिड १८८४ सालचे), नाखुदा मशीद, बौद्धांचा धर्मांकुर विहार, आणि एझ्रा स्ट्रीटवर रुस्तमजी कावसजी बनाजी ह्या पारशी गृहस्थाने १८३९ साली बांधलेली अग्यारी. हे रुस्तमजी मुंबईहून तेथे गेले. त्यांची जलद जहाजे अफू घेऊन चीनच्या किनाऱ्यास जात, आणि त्या व्यापारावर त्यांचे वैभव उभे राहिले. चीन आणि हिंदुस्थान ह्यांच्या अर्वाचीन संबंधाच्या मुळाशी अफूची पेटी आहे, ही गोष्ट चिनेपाड्यात शिरण्यापूर्वीच ध्यानात ठेवलेली बरी. त्या व्यापारात कोणी कोणाचे भले केले आणि कोणी कोणाचे वाईट केले, ह्याचा हिशेब मांडू लागल्यास आपल्या बाजूस जमा फारशी निघणार नाही.

बंगाली लोक ज्याला चिनेपाडा म्हणतात त्या वस्तीचे सरकारी नाव तिरेट्टा बाजार. हे नाव ना चिनी, ना बंगाली. एदुआर्दो तिरेत्ता नावाचा एक व्हेनिसकर गृहस्थ अठराव्या शतकात कलकत्त्यास आला, कंपनी सरकारच्या नोकरीत रस्ते व इमारती ह्यांचा अधीक्षक झाला, आणि येथे त्याने एक बाजार बसविला. कासानोव्हाच्या जगप्रसिद्ध आत्मचरित्रात ज्या तरुण तिरेत्ताच्या लीला वर्णिल्या आहेत तो हाच. पुढे त्याचे दिवाळे निघाले, बाजार हातचा गेला, पण नाव तेवढे चिकटून राहिले. तेव्हा इटालियन माणसाच्या नावाचा बाजार, त्यात चिनी माणसांची वस्ती, भोवती बंगाली, मारवाडी आणि मुसलमान शेजार, आणि मधल्या एका रस्त्याला चिनी प्रजासत्ताकाच्या संस्थापकाचे, सन यात-सेन ह्यांचे नाव, असा हा प्रकार आहे.

चिनी माणसांचे येथील आगमन मात्र तिरेत्ताच्या बाजारात झाले नाही. त्यासाठी हुगळीच्या काठाने वीस-बावीस मैल खाली, बजबजच्या पलीकडे गेले पाहिजे. यांग दाझाओ नावाचा एक चिनी व्यापारी वॉरन हेस्टिंग्जच्या कारकीर्दीत कलकत्त्यास आला. इंग्रजांनी त्याचे नाव टोंग आच्यू असे करून टाकले. १७७८ च्या सुमारास त्याला हेस्टिंग्जकडून नदीकाठची जमीन मिळाली. सुमारे साडेसहाशे बिघे आणि वार्षिक खंड ४५ रुपये, असे सांगतात. तेथे त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना घातला आणि कामासाठी आपल्या देशातून मजूर आणविले. बंगालीत आणि हिंदीत साखरेस ‘चिनी’ म्हणतात ते ह्या आच्यूमुळे, अशी तेथे एक गोड समजूत आहे; पण तो शब्द आच्यूहून पुष्कळ जुना आहे. आच्यूचे नशीब त्याच्या साखरेइतके गोड नव्हते. त्याचे मजूर फितवून कलकत्त्यास पळवून नेले जाऊ लागले, तेव्हा १७८१ साली कंपनी सरकारने त्याच्या बाजूने एक जाहीर ताकीद काढली, आणि पुढे दोनच वर्षांत तो वारला. कारखाना मोडला, पण जागेचे नाव अछिपूर पडले ते कायमचे. नदीच्या काठी घोड्याच्या नालेच्या आकाराचे त्याचे तांबडे थडगे आहे. जवळच एक लहान चिनी देऊळ आहे, आणि त्यातील भूमिदेव व त्याची पत्नी ह्यांना आसपासचे खेडूत ‘खोदा-खुदी’ म्हणतात. चिनी नववर्षाच्या दिवसांत कलकत्त्याची चिनी कुटुंबे तेथे जाऊन उदबत्त्या लावतात आणि आपल्या आद्य पुरुषास नमस्कार करतात. आम्ही गेलो तेव्हा नदीवर धुके होते आणि देवळाबाहेर एक बंगाली म्हातारी गवताचे भारे बांधीत होती. “हे देव कोणाचे?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “चिनेलोकांचे. पण ते वर्षातून एकदाच येतात. बाकीचे दिवस आम्हीच बघतो.” शेजारधर्माची ह्याहून सुटसुटीत व्याख्या आमच्या वाचनात नाही.

आच्यूचे पळालेले मजूर, जहाजांवरून उतरलेले खलाशी आणि पुढे दुष्काळाला व युद्धाला कंटाळून निघालेली कुटुंबे अशांची ही वस्ती वाढत गेली. आपल्याकडे जसे गाव तसा धंदा असे, तसे येथे मूळ जिल्हा तसा धंदा असे. कॅन्टनकडचे लोक सुतार. खिदिरपूरच्या गोद्यांत आणि शहरातील सामानाच्या कारखान्यांत त्यांच्या रंध्याला मान होता. हुपेहकडचे लोक दंतवैद्य. हक्का लोक चामड्याच्या धंद्यात पडले. त्यांची जोड्यांची दुकाने बेंटिंक स्ट्रीटवर रांगेने लागली आणि टॅनरींसाठी त्यांनी शहराच्या पूर्वेस टॅंग्रा येथील दलदलीची जागा १९१० च्या सुमारास निवडली. जे काम येथील वरिष्ठ जाती हाताळीत नव्हत्या, जी जमीन कोणास नको होती, तीवर ह्या लोकांनी आपला संसार उभा केला. आपण ज्या कामास विटाळ मानला त्या कामाचा जोडा मात्र आपण पायात घातला, हे येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तिरेट्टा बाजारात पहाटेस जावे. पोद्दार कोर्ट नावाच्या इमारतीच्या समोर दिवस उजाडताना काही बाया-पुरुष वेताच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांतून वाफाळलेले पदार्थ मांडून बसतात. मांस घातलेले वाफवलेले पाव, माशाच्या गोळ्यांचे सूप, तांदळाच्या पिठाच्या करंजीवजा डम्पलिंग. आठाच्या सुमारास सगळे आटोपते आणि तेथे बंगाली भाजीवाले बसतात. आम्ही शाकाहारी असल्यामुळे तिळाच्या गोळ्यांवर समाधान मानले. परंतु विकणाऱ्यांत चिनी किती आणि बंगाली व बिहारी किती, हे मोजण्यास शाकाहाराची आडकाठी नव्हती. चिनी चेहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

ह्या वस्तीतील देवळांना ‘चर्च’ म्हणतात, हे ऐकून प्रथम गोंधळ उडतो. ती ख्रिस्ती मंदिरे नव्हेत. पूजेची जागा म्हणजे चर्च, असे इंग्रजांच्या काळी जे नाव पडले तेच राहिले. प्रत्येक जिल्ह्याच्या लोकांचे चर्च वेगळे, आणि तेच त्यांची धर्मशाळा, पंचायत आणि पत्ते खेळण्याचा क्लबही. टूंग ऑन चर्चच्या खालच्या मजल्यावर पूर्वी नानकिंग नावाचे नामांकित उपाहारगृह होते, वर युद्धदेव क्वान ती. छातावाला गल्लीतील सी इप चर्च १९०५ सालचे. सी इप म्हणजे क्वांगतुंग प्रांतातील चार तालुक्यांचा प्रदेश. मुंबईस माझगावात जे सी यूप नावाचे जुने चिनी देऊळ आहे तेही त्याच चार तालुक्यांच्या लोकांचे. सी इप चर्चच्या माडीवर करुणेची देवता क्वान यिन बसलेली आहे. लाल लाकडी महिरप, सोनेरी कोरीव काम, तेलाचा दिवा, आणि मध्ये ही शांत मुद्रेची स्त्री. तिच्यापुढे उभे राहिलो तेव्हा आम्हांस अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणि आठवला, आणि तो आठवणे साहजिक होते. कारण क्वान यिन म्हणजे दुसरी कोणी नसून आपला अवलोकितेश्वरच. बौद्ध भिक्षूंबरोबर तो चीनमध्ये गेला, तेथे काही शतकांत त्याचे स्त्रीरूप झाले, आणि मग खलाशांच्या व सुतारांच्या पेटीत बसून तो समुद्रमार्गे कलकत्त्यास परत आला. हिंदुस्थानात त्याला कोणी ओळखले नाही. त्याची गणना परदेशी देवांत झाली.

येथवर जे लिहिले ते कोणत्याही प्रवासवर्णनात शोभेल असे आहे. परंतु ह्या वस्तीच्या इतिहासात एक पान असे आहे की ते उलटून पुढे जाण्याची आपणा सर्वांस सवय झाली आहे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आपल्या सीमेवर आक्रमण केले. देश संतापला आणि तो संताप न्याय्य होता. २१ नोव्हेंबरास चीनने एकतर्फी युद्धबंदी केली, म्हणजे रणांगणावरील लढाई एका महिन्यात आटोपली. देशातील चिनी वंशाच्या लोकांविरुद्धची कारवाई मात्र त्याच सुमारास सुरू झाली. परकीय नागरिकांच्या कायद्यात असा बदल करण्यात आला की ज्याचे आईबाप किंवा आजाआजी ह्यांपैकी एकजणही कधीकाळी शत्रुराष्ट्राचा नागरिक होता, अशा मूळच्या भारतीय नसलेल्या माणसास परकीय समजून अटकेत ठेवता यावे. स्वतः कोठे जन्मला, कोणत्या शाळेत शिकला, कोणती भाषा बोलतो, ह्या प्रश्नांना त्या कायद्यात जागा उरली नाही. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग ह्या भागांतून, आणि काही थोडी कलकत्त्याहूनही, अशी सुमारे तीन हजार माणसे, त्यांत म्हातारे आणि तान्ही मुलेही, आगगाडीत भरून राजस्थानातील देवळी येथील छावणीत पाठविण्यात आली. प्रवासास सात-सात दिवस लागले. खटला कोणावर चालला नाही. कित्येकांस चीनच्या जहाजांवर चढवून अशा देशात धाडण्यात आले की जो त्यांनी कधी पाहिला नव्हता. शेवटची माणसे सुटली ती १९६७ साली. आणि सुटून घरी आली तेव्हा अनेकांची घरे व दुकाने शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात निघून गेली होती.

देवळीची छावणी महाराष्ट्रास अपरिचित नाही. इंग्रजांनी तेथे राजकीय स्थानबद्ध ठेवले होते. १९४१ साली कॉम्रेड डांगे, जयप्रकाश नारायण ह्यांसारखी मंडळी तेथे कोंडलेली होती. खटल्याशिवाय माणसास कोंडणे हा केवढा अन्याय आहे ह्यावर त्या काळी आपल्या वृत्तपत्रांनी स्तंभच्या स्तंभ लिहिले. एकवीस वर्षांनी त्याच छावणीची दारे आपल्या स्वतंत्र सरकारने उघडली, तेव्हा ते स्तंभ कोणास आठवले नाहीत.

कलकत्त्याच्या चिनी लोकांपैकी बहुतेक देवळीस गेले नाहीत, पण त्यांच्यासाठी सारे शहरच एक सैलशी छावणी झाले. ठराविक दिवशी पोलीस कचेरीत हजेरी, आणि घर सोडून चोवीस तासांहून अधिक राहावयाचे तर परवानगी. बेंटिंक स्ट्रीटवरील एका जोड्यांच्या दुकानात आम्ही चपला घेतल्या, तेथील वृद्ध मालकाने हे आम्हांस सांगितले. वय पंचाहत्तरीच्या पुढे. हिंदी आणि बंगाली मिसळून, पण अगदी ठाशीव बोलत. “बाबू, मी तेव्हा शाळेत होतो. माझी मावशी दार्जिलिंगला. तिला नेले हे आम्हाला तीन महिन्यांनी कळले. वडिलांना भेटायला जायचे होते, परवानगी मिळाली नाही. शेजारचा मुसलमान शिंपी आमच्यासाठी जाऊन बघून आला. घराला कुलूप, आणि मावशीचे कुत्रे दारात.” आम्ही विचारले, “राग येत नाही?” ते हसले आणि जोड्याच्या तळव्यावर ब्रश फिरवीत म्हणाले, “राग कोणावर धरायचा? जन्म ह्या गल्लीतला. चीनमध्ये मी एकदा गेलो, फिरायला. आठ दिवसांत पोट बिघडले. मुलगे टोरांटोला आहेत, मला बोलावतात. मी म्हणतो, तिथे मला कोणी विचारले, तुम्ही कुठले, तर मी काय सांगणार? इथे मी गल्लीचे नाव सांगतो.” आम्ही पैसे दिले. त्यांनी मोड परत देताना चपलांस वर्षभराची हमी दिली.

टोरांटोस गेलेले त्यांचे मुलगे एकटे नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात वीस हजारांच्या आसपास चिनी लोक होते असे सांगतात. आज ते दोन-तीन हजारांवर नसावेत. १९६२ नंतर ज्यांना जाता आले ते कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे गेले. जे राहिले त्यांच्यावर दुसरा आघात झाला तो न्यायालयाच्या निकालाने. टॅनरींच्या सांडपाण्यामुळे गंगा दूषित होते म्हणून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने टॅंग्रा व आसपासच्या टॅनरी शहराबाहेर बांतला येथे हलविण्याचा हुकूम केला. नदीच्या दृष्टीने तो हुकूम योग्यच होता. पण टॅंग्राच्या गल्ल्यांतील चामड्याचा धंदा त्याने संपविला. चामडे वाळवण्याच्या कित्येक अंगणांत उपाहारगृहे निघाली आणि टॅंग्रा आता खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे एक कालीमातेचे देऊळ आहे. त्याची व्यवस्था चिनी लोक पाहतात आणि प्रसादात नूडल्स वाटतात. १९६९ पासून निघणारे ‘सेओंग पाव’ नावाचे चिनी वृत्तपत्र २०२० साली बंद पडले. वाचणारेच उरले नव्हते.

आमच्या वाचकांपैकी कित्येक म्हणतील की ह्या सगळ्याशी आमचा काय संबंध? संबंध त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. आज महाराष्ट्रात असे तालुक्याचे गाव नाही जेथे संध्याकाळी ‘चायनीज’ची गाडी लागत नाही. त्या गाडीवरील ‘मंचूरियन’ हा पदार्थ मांचुरियास ठाऊक नाही. तो १९७५ साली मुंबईस, क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात, नेल्सन वाँग ह्या आचाऱ्याने आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र करून निर्माण केला असे मानतात. आणि हे वाँग मूळचे कलकत्त्याच्या चिनी कुटुंबातले. चिनेपाड्याने आपल्या जिभेवर राज्य मिळविले. त्या चिनेपाड्याचे काय झाले, ही चौकशी मात्र जिभेने कधी केली नाही.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. बसू होते. कोटणीस परत आले नाहीत. तेथेच त्यांनी क्वो छिंगलान हिच्याशी विवाह केला, मुलाचे नाव ‘भारत’ आणि ‘चीन’ ह्या दोन अर्थांची अक्षरे जोडून ‘यिनहुआ’ ठेवले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, रुग्णसेवा करता करता देह ठेविला. त्यांच्यावर शांतारामबापूंनी १९४६ साली चित्रपट काढला. तो पाहून आमच्या आधीच्या पिढीचे डोळे ओले झाले. चीनमध्ये कोटणीसांचा पुतळा आहे, आणि १९६२ च्या युद्धातही त्यांचे थडगे कोणी उखडले नाही. आपला माणूस त्यांच्या भूमीत त्यांचा झाला, ह्याचा आपण अभिमान बाळगतो. त्यांची माणसे दीडशे-दोनशे वर्षे आपल्या भूमीत राहून आपली झाली की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर देताना मात्र आपली जीभ चाचरते.

शत्रूशी लढत असलेल्या राष्ट्राने सावध राहू नये असे कोणी म्हणणार नाही. हेर असतात, आणि त्यांना पकडण्यासाठी कायदेही असतात. परंतु पुरावा पाहून एकेक माणूस पकडणे आणि नाकडोळे पाहून सगळी गल्ली पकडणे ह्यांत जो फरक आहे, तोच राज्य आणि जमाव ह्यांतला फरक होय. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांस असेच छावण्यांत कोंडले होते. १९८८ साली त्या देशाच्या संसदेने कायदा करून त्यांची क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले. पैशाने गेलेली वर्षे परत येत नाहीत हे त्यांनाही ठाऊक होते. पण राज्याने आपल्या हाताने लिहिलेला खोटा आरोप आपल्याच हाताने खोडणे, ह्याला काही किंमत आहे. देवळीहून सुटून कॅनडास गेलेल्या लोकांनी संघटना काढून भारत सरकारकडे एवढेच मागितले आहे: चूक झाली, असे म्हणा. आपल्या सरकारने ते म्हटलेले नाही.

सरकारने म्हणावे तेव्हा म्हणावे. शाळा-महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांस आणि घरी मुलांशी बोलणाऱ्या वाचकांस त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. १९६२ च्या युद्धाचा धडा आपण मुलांना शिकवितो. त्यात हिमालयातील आपल्या जवानांचे शौर्य असते आणि ते असलेच पाहिजे. त्याच धड्यात देवळीच्या छावणीच्या चार ओळी घातल्या तर जवानांचे शौर्य तिळमात्र कमी होणार नाही. उलट, ज्या देशासाठी ते लढले तो देश कसा असावा, हे मुलांस थोडे अधिक कळेल. आणि पुढे केव्हातरी कोणत्याही सीमेवर तोफा वाजू लागल्या, आणि आपल्या गल्लीतील कोणा एका वेगळ्या नावाच्या किंवा वेगळ्या चेहऱ्याच्या माणसाकडे चारचौघे बोट दाखवू लागले, तर त्या मुलांपैकी एकाने तरी पुढे होऊन म्हणावे, “हे आमच्या गल्लीतले आहेत.”